वृंदावनातला कोनाडा

“बाई, तुमचं बोलणं देवाला पोचत असेल, पण मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला नाही पोचत!” मालक म्हणाले आणि सगळा स्टुडिओ हसला.

मी तुळशीवृंदावनापुढे हात जोडून बसले होते. डोक्यावर दिव्यांची नुसती भट्टी पेटलेली. घामानं तोंडावरचा रंग ओघळायला लागला की गोदाक्का पुढे येऊन पदराच्या टोकानं टिपायची. वृंदावन प्लॅस्टरचं होतं, अंगण फळ्यांवर रंग फासून केलेलं, मागचं आभाळ कापडाचं. तुळस तेवढी खरी होती.

बोलपट नुकते कुठे सुरू झाले होते तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापूरच्या वेशीबाहेर ‘अरुणप्रभा’ नावाची कंपनी होती, तिच्यात मी पगारी नटी होते. माझं घरचं नाव यमुना, पण गावातल्या भिंतींवर लावलेल्या जाहिरातींत ‘कुमारी नीलप्रभा’. मालक म्हणजे बापूसाहेब मोहिरे. चित्र तेच काढायचे, पैसाही त्यांचाच. तरुणपणी नाटकात स्त्रियांच्या भूमिका करून, तंबूच्या शेवटच्या टोकापर्यंत आवाज फेकून त्यांनी नाव कमावलं होतं. हळू बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी न बोलणंच.

“सासरच्यांनी तुमचं मूल हिरावून नेलंय,” ते म्हणाले. “तुळशीपुढे हंबरडा फोडायचाय. हंबरडा! मांजरीचं पिल्लू दुधाला आलंय असं नको. चला, पुन्हा!”

घंटा झाली. सगळे चिडीचूप. मी म्हटलं, “हे जगन्माते तुलसी! या अभागिनीच्या काळजाचा तुकडा...” आणि जोर लावायला गेले तोच आवाज मधेच चिरकला.

आवाजाच्या काचेच्या खोलीचं दार उघडून फ्रामजी बाहेर आला. हा मुंबईचा पारशी. त्याच्या खोलीतल्या यंत्राला तो मुलासारखं जपायचा. कानावरच्या काळ्या वाट्या गळ्यात उतरवून तो म्हणाला, “शेठ, बाईवर कशाला गरम होते? बाई बरोबर बोलते. ओरडली की माझ्या यंत्राचा काटा येडा होते. आवाज मोठा नाय करायचा. माईक जवळ आणायचा.”

“कुठे जवळ? तिच्या नाकावर बांधू?”

“ते माझ्यावर सोडा. उद्या सकाळी बघा.”

माईक तोवर आमच्या डोक्यावर बांबूला टांगलेला असे. तो कुठे आहे ते आम्हां सगळ्यांना ठाऊक असायचं. त्याच्याखाली गेलं की बोलायचं नाही, एवढं मी शिकले होते.

त्या दिवशी काम तिथंच थांबलं. बंगलीकडे चालता चालता गोदाक्का म्हणाली, “मन लावून कर की गं पोरी. पोटचं पोर गेल्यावर बाई कशी रडंल, तेवढं डोळ्यांम्होरं आन.”

मी झपाझप पुढे चालायला लागले.

गोदाक्का मालकांनी माझ्या सोबतीला ठेवलेली. वेणीफणी, रंगरंगोटी तिच्याकडे. मी कुणाशी बोलते, काय बोलते हे मालकांच्या कानावर घालायचं कामही तिच्याकडेच. वाईट बाई नव्हती, पण खाल्ल्या अन्नाला जागायची. स्टुडिओच्या आवारातच माझी दोन खोल्यांची बंगली. फाटकावर पहारेकरी. करार तीन वर्षांचा, आणि त्यात लिहिलेलं की मालकांना विचारल्याशिवाय आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीला मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाईमाणूस, परकं गाव, बरंच आहे म्हटलं.

मालकांना, गोदाक्काला, कुणालाच ठाऊक नव्हतं ते हे की मी कुमारी नव्हते. आमचे हे नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. विषमज्वरानं गेले, आणि वर्षभरात कंपनीही बुडाली. मांडीवर दोन वर्षांची बकुळा. मिरजेला माझी थोरली बहीण अक्का होती, तिच्या ओटीत बकूला घातली आणि कामाच्या शोधात निघाले. ‘अरुणप्रभा’च्या दारात पाटी होती: नायिकेसाठी कुमारिका पाहिजे. मी कपाळावर पुन्हा कुंकू लावलं ते त्या पाटीपायी. देवाला म्हटलं, पोरीच्या दुधासाठी लावतेय, तू समजून घे.

त्याला दोन वर्षं होत आली होती. मिरज आगगाडीनं अर्ध्या दिवसाच्या आत, पण माझ्यासाठी लंकेइतकी लांब.

आणि त्याच आठवड्यात अक्काचं कार्ड आलं होतं. आलेलं टपाल कचेरीतला कारकून आधी वाचायचा, म्हणून अक्का जपून लिहायची. यजमानांची रेल्वेत बदली झाली, बेझवाड्याला, तेलगू मुलखात. देवदिवाळी झाली की निघणार. आमची बकू मजेत आहे, आताशा मलाच आई म्हणते. तिला बरोबर नेते, पण तिथून परत येणं माझ्या हातात राहणार नाही, तेव्हा काय ते कळव.

काय कळवणार? सुट्टी मागावी तर मालक विचारणार, मिरजेला कोण? खरं सांगावं तर खोटं बोलून करार केला म्हणून बाहेर काढणार, मग अक्काला पैसे कुठून पाठवू? आणि गप्प बसावं तर पोर आगगाडीत बसून मुलूख ओलांडून जाणार.

माझा लहानपणापासूनचा नेम, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बंगलीत डब्यात लावलेली तुळस काही जगेना. स्टुडिओत अंगणाचा देखावा उभा राहिला तेव्हापासून मी आंघोळ झाली की तांब्या घेऊन तिकडेच जायची. रंगारी एकदा हसला होता. “बाई, ते वृंदावन खोटं आहे.” मी म्हटलं, “तुळस खोटी नाही ना?” मग कुणी अडवलं नाही. तेवढा वेळ गोदाक्काही सोबत येत नसे, तिची चूल पेटलेली असे. दिवसातला तेवढाच वेळ माझा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गेले. दिवे बंद. सगळीकडे कोरड्या रंगाचा वास. काचेच्या खोलीत अंधार होता, मला तसं वाटलं. मी पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. आणि रोज मनातल्या मनात म्हणायची ते त्या दिवशी का कोण जाणे ओठांवर आलं. कपाळ वृंदावनाच्या कोनाड्याला टेकवलं आणि हळूच बोलले.

“तुळशीमाय, माझ्या बकूला माझ्याजवळ आण गं. ती दुसरीला आई म्हणायला लागलीय. तिनं एकदा मला आई म्हणून हाक मारू दे. मग हवं तर माझी वाचा ने. मी कुणाजवळ बोलू गं? तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू?”

आणखीही काहीबाही बोलले. डोळे पुसले, तांब्या उचलला आणि परत गेले.

त्या दिवशी मला कामाला बोलावणं आलंच नाही. उन्हं कलल्यावर निरोप आला, मालकांनी चित्रं बघायच्या खोलीत बोलावलंय. गेले तर मालक खुर्चीवर, मागे भिंतीला टेकून फ्रामजी. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

“बसा बाई,” मालक म्हणाले आणि दिवा घालवला.

पडदा कोराच राहिला. नुसती खरखर झाली. मग अंधारातून कुणीतरी बाई बोलायला लागली. तुळशीमाय, माझ्या बकूला माझ्याजवळ आण गं.

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, तसा तो मला आधी आला नाही. नाव आलं तेव्हा ओळखला. खोलीच्या चारी भिंती तेच बोलायला लागल्या. तांब्या खाली ठेवल्याचासुद्धा आवाज त्यात होता. कान झाकून घ्यावेत म्हटलं तर हात उचलेनात.

दिवा लागला.

“माईक कोनाड्यात ठेवला होता,” फ्रामजी खाली बघत म्हणाला. “मी टेस्ट घेत होता, बाई. मी बंद करत होता. शेठ बोलले, चालू दे.”

मालक उठून माझ्यासमोर आले. आता शिव्या येणार, आता हाकलणार. हाकललं तर निदान मिरज तरी गाठता येईल, हा विचारही त्या क्षणात येऊन गेला.

“कुमारी नीलप्रभा!” ते म्हणाले. “मला फसवलंत.”

“हो.”

“मूल केवढं आहे?”

“चार वर्षांचं.”

“आणि मी महिनाभर तुम्हांला आईपण शिकवतोय!” ते मोठ्यानं हसले. मग एकदम गंभीर झाले. “हा शॉट मला असाच पाहिजे. हेच शब्द. ती ‘जगन्माते’बिगन्माते गेली खड्ड्यात. पोराचं नावसुद्धा हेच, बकू. उद्या कॅमेऱ्यापुढे असंच म्हणायचं.”

“ते माझं देवाशी बोलणं आहे, मालक.”

“देवानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी ऐकलंय.”

मी सगळं धैर्य गोळा केलं. “मग माझी मुलगी मला आणून द्या. देवदिवाळीनंतर ती लांब जाणार आहे.”

“वेडी आहेस काय?” ते ‘तू’वर आले. “गावभर कुमारी म्हणून चिकटवलीय तुला! तुझ्या कडेवर पोर दिसलं तर लोक दगड मारतील थेटराला.”

“मग मला काढून टाका.”

“काढतो कसला? अर्धं चित्र झालंय तुझ्या तोंडावर. काढता येत नाही, सोडता येत नाही. तू अडकलीस तसा मीही अडकलोय. गुपचूप काम कर.”

मी उभी राहिले. “तुळशीला मी शब्द दिलाय, मालक,” मी म्हटलं. “तुम्हीही ऐकलात. वाचा ने म्हणाले होते. बकू माझ्याजवळ येईपर्यंत माझं मौन.”

एवढं बोलून मी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी वेळेवर रंग लावून घेतला, वेळेवर जागेवर बसले. दिवे लागले, घंटा झाली, कॅमेरा फिरला. मी हात जोडले आणि नुसती बसून राहिले. मालकांनी समजावलं. मग ओरडले. मग कराराचा कागद भिरकावून कोर्टाच्या गोष्टी केल्या. मी सगळं ऐकून घेत होते, मान खाली घालून. करारात हजर राहायचं लिहिलं होतं, मी हजर होते.

“फ्रामजी, आवाज येतोय का?” कुणीतरी दिवेवाला चावटपणानं ओरडला.

“येते ना,” फ्रामजी आतून म्हणाला. “बांगडीचा येते. शेठच्या दाताचा येते.”

कुणी हसलं नाही.

त्यानंतर रोज हेच. मी पाणी घालायची, रंग लावायची, बसायची. एकभुक्त राहिले. स्टुडिओत सगळे चपला काढून माझ्याजवळून जायला लागले. ज्याला चहा आणायला पाठवायचं तो पोऱ्यासुद्धा आधी माझ्या पाया पडू लागला, मला लाज वाटायची. आणि एका दुपारी गोदाक्कानं हातातला रंगाचा डबा मालकांच्या पुढ्यात आपटला.

“मी न्हाई आता हिला रंग लावायची.”

“का? तुला काय झालं?”

“तुळशीम्होरं घेतल्यालं मौन हाय, मालक. ते मोडाय लावलं तर पाप कुनाच्या माथी बसंल? तुमच्या का माझ्या? मला लेकरंबाळं हायती.”

मालक नारळ फोडल्याशिवाय कॅमेऱ्याचं झाकण काढू द्यायचे नाहीत, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी डबा उचलून बाजूला ठेवला. दिवे तापत होते, वीज जळत होती. मग माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले, जवळजवळ कुजबुजल्यासारखे बोलले.

“आणतो तुझी पोर. इथंच बंगलीत राहील तुझ्याजवळ, कुणी तोडणार नाही. पण एक गोष्ट. ती तुझी धाकटी बहीण. तिनं तुला ताई म्हणायचं. आत, बाहेर, निजतानासुद्धा. एकदा जरी चुकली तर दुसऱ्या दिवशी गाडीत बसवीन. कबूल?”

मी तुळशीकडे बघितलं. मग मान हलवली.

बकूला घेऊन गोदाक्काच आली. मिरजेहून येऊन टांग्यातून उतरली तेव्हा पोर पेंगुळलेली, हातात अर्धवट खाल्लेला लाडू. मी तिला उचलली. तिनं मला नीट निरखून बघितलं. बंगलीत नेऊन दार लावलं आणि मी मौन सोडलं. इतक्या दिवसांनी पहिला शब्द काय बोलले?

“बकू, मला ताई म्हणायचं हं.”

“पण अक्काआई म्हणाली तू माझी खरी आई आहेस.”

“ते मिरजेला. इथं ताई.”

“का?”

“इथं तसंच असतं, राजा. म्हण बघू.”

“ताई.”

“शहाणी माझी. पुन्हा म्हण.”

“ताई, ताई, ताई!” तिला त्यात गंमत वाटली. उड्या मारत म्हणत सुटली. गोदाक्का आतल्या दाराशी उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शॉट झाला. बकूला बंगलीतच ठेवली होती. घंटा झाली. माईक कोनाड्यात आहे हे आता ठाऊक होतं. मी कपाळ टेकवलं आणि म्हटलं, “तुळशीमाय, माझ्या बकूला माझ्याजवळ आण गं...” ‘तिनं एकदा मला आई म्हणून हाक मारू दे’ इथं आले आणि जे झालं ते काही मी केलं नाही. एकाच खेपेला झालं. मालक नाक शिंकरत होते. कॅमेरावाल्यानं डोळे पुसले. फ्रामजी मात्र खोलीतून बाहेर आलाच नाही.

चित्र लागलं आणि गर्दी लोटली. मालकांनी आम्हांलाही एका खेळाला पाठवलं, बायकांच्या बाकांवर, डोक्यावरून पदर घेऊन. मांडीवर बकू, शेजारी गोदाक्का. एव्हाना बकूच्या तोंडी ताई इतकं बसलं होतं की झोपेतसुद्धा चुकत नसे. मी रात्री कान देऊन ऐकायची. आधी चुकेल या भीतीनं. मग एकदा तरी चुकावी म्हणून.

तो प्रसंग आला. अख्खं थिएटर स्फुंदायला लागलं. पुढच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, “लग्नसुद्धा नाही झालेलं हो तिचं! आणि बघा कशी रडतेय. ह्याला म्हणतात नक्कल.”

“तर काय! अंगावर पाजल्यासारखं बोलली.”

बकू पडद्याकडे टक लावून बसली होती. अंगाला रंग लावलेली, नऊवारीतली, घराएवढी मोठी ती बाई तिनं ओळखली नव्हती. नाव तेवढं ओळखलं होतं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि कुजबुजली,

“ताई, त्या बाईच्या बकूला तिची आई भेटली का गं?”

गोदाक्कानं माझा हात घट्ट धरला. पुढच्या बाकावरच्या दोघीही मागे वळून बघत होत्या.

“हळू बोल, बाळ,” मी म्हटलं. “सगळ्यांना ऐकू जातं.”

करार संपला तेव्हा मालकांनी तो पुढे वाढवला, बकूच्या शाळेचं कारण पुढे करून. मग कंपनी गेली, मालक गेले. पुढे एकदा, बकूच्या लग्नाआधी, मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती खूप रडली. गळ्यात पडली. म्हणाली, “मला आठवत होतं गं थोडं थोडं.” आणि डोळे पुसून उठताना म्हणाली, “ताई, चल, जेवून घेऊ.” तिच्याही लक्षात आलं. दोघी तशाच उभ्या राहिलो. पण जिभेला वळण पडून गेलं होतं.

मागितलेल्यातलं पहिलं तुळशीनं दिलं. दुसरं मीच मान हलवून घालवलं, असं मला वाटतं. त्यानंतर मी तिच्यापाशी काही मागितलेलं नाही. मागच्या अंगणात खरं वृंदावन आहे, जावयानं बांधून दिलेलं. रोज आंघोळ करून पाणी घालते. हात जोडण्याआधी कोनाड्यात बोटं फिरवून बघते, सवय आहे. आत पणतीच्या काजळीशिवाय काही नसतं. तरी मुक्यानंच बसते.

आजही बसले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बकूनं हाक मारली. तिचे केस आता माझ्याइतकेच पांढरे झालेत.

“ताई, चहा निवतोय गं.”

“आले,” मी म्हटलं.